आजोबांच्या घरातले दोन खांब

मी जन्मापासून बडोद्यात राहते, पण दांडिया बाजार आणि रावपुरा कधी पायी पाहिलाच नव्हता. स्कूटीवरून पाहिला होता, तोही हॉर्न वाजवत.

आजोबांचं दांडिया बाजारातलं घर बिल्डरला द्यायचं बाबांनी जवळजवळ ठरवलं, तेव्हा फोटो काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी गेले. ओटीवरच्या दोन खांबांचे फोटो काढताना त्यांच्या माथ्यावरचे कोरलेले पोपट पहिल्यांदा नीट पाहिले. लहानपणी याच खांबांमागे लपलो होतो आम्ही! बाहेर आले तर समोरच्या घरालाही तसेच खांब. मग पुढच्या घराला, त्याच्या पुढच्याही.

तुम्हीही कधी त्या भागात मान वर करून चाला. खाली दुकानं, पाट्या, वायरींची गुंतवळ. आणि वर सागवानी सज्जे, नक्षीचे कंस, रंगीत काचांच्या खिडक्या. आतली मांडणी मात्र आपली ओळखीची: ओटी, माजघर, मधे उघडा चौक. उन्हाळ्यात याच चौकातून गरम हवा वर निघून जायची, उजेड स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचा. मांडणी मराठी वाड्याची, नक्षी गुजरातची. ओटीवरच्या झोपाळ्याला आजी झोपाळा म्हणायची आणि शेजारच्या बा हिंचको. बसायच्या मात्र दोघी एकत्रच.

चालत चालत रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याशी पोहोचले. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं हे घर. आज ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरून साधा लाकडी वाडा वाटतो. वर गेले आणि थांबलेच. भिंती चित्रांनी भरलेल्या! कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग आणि त्यांच्याच जोडीला इंग्रज-मराठे युद्ध. काही ठिकाणी रंग उडालाय, पण चेहरे अजून बघतात आपल्याकडे. हे राजवाड्यातलं दालन नाही, एका कुटुंबाचं राहतं घर होतं, हे मनात आलं आणि आमच्या घराचे पोपट आठवले. दिवाणांचा वाडा सरकारने सांभाळला. आमच्यासारख्यांची घरं कोण सांभाळणार?

संध्याकाळी बाबांना फोटो दाखवले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छप्पर गळतं, वाळवी लागली आहे, काका-आत्यांचे हिस्से आहेत. फोटोत हे दिसत नाही." खरंच होतं ते. दर पावसाळ्यात बादल्या लावायला तेच जातात, मी नाही.

शेवटी एवढंच ठरलं, की खांब भंगारात जाणार नाहीत. नव्या इमारतीच्या प्रवेशाशी ते उभे करायचे. बिल्डर "हो" म्हणालाय, पण कागदावर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत सही करायची नाही, असं बाबांनी कबूल केलंय.

तुमच्या आजी-आजोबांचं घर अजून उभं असेल, तर या रविवारी जाऊन या. फोटो काढाच, पण आधी मान वर करून बघा.