खंड्याच्या गळ्यात पट्टा नाही

वाई, सोमवार

चि. छकुलीस,

शनिवार-रविवारच्या कुत्र्यांच्या अ‍ॅजिलिटी स्पर्धेतल्या तुझ्या खंड्याच्या चारही धावांचे व्हिडिओ मामीने आणि मी रात्री जागून पाहिले. रविवारी सीसॉच्या झुकत्या फळीपाशी खंड्या मागे फिरला आणि नंतर फोनवर तुझा आवाज पार बसला होता, म्हणून सविस्तर लिहितो. याला सीसॉ असलेल्या स्टँडर्ड प्रकारात उतरवणं बंद करू का, असं विचारलंस. माझं मत, हो, काही महिने बंद कर. ऐकायला कडू वाटेल, तरी पुढचं वाच.

या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सुरुवातीच्या रेषेवरची आहे. तिथे तू त्याचा पट्टा काढतेस आणि तो मोकळा होतो. तुझ्या हातात खाऊ नाही, खेळणं नाही, त्याला हात लावायची मुभा नाही. आधी तू त्याच्याशिवाय रिंगणात चालून मार्ग पाठ केलेला असतो, त्याला तो माहीत नसतो. त्याच्यापुढे बारा काठ्यांची रांग, बोगदा, उंच अरुंद फळी, ए-फ्रेम, आणि बाजूने पळणारी तू. तोंडाने तू काय म्हणतेस यापेक्षा तुझा खांदा कुठे वळला आणि पाऊल कुठे रोखलं, हे तो आधी वाचतो. आणि मनात आणलं तर कधीही निघून जाऊ शकतो.

हा खेळ १९७८मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात सुरू झाला. दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरायचा होता. जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून कल्पना घेतली आणि पीटर मीनवेल यांनी ती मैदानावर उतरवली. पण घोड्याच्या पाठीवर स्वार असतो, स्वाराच्या हाती लगाम असतो. कुत्र्यासाठी उड्या तेवढ्या ठेवल्या, लगाम गेला. माझ्या दृष्टीने सगळं मोल त्या गेलेल्या लगामात आहे.

माझं आयुष्य जनावरांच्या दवाखान्यात गेलं, तुला ठाऊक आहे. आपल्या भागात बैलगाडा शर्यत म्हणजे घराघरातला विषय. बावधनच्या यात्रेत बगाड ओढणारे बैल लोक वर्षभर पोटच्या पोरासारखे सांभाळतात, ती माया मी जवळून पाहिली आहे. पण शर्यतीहून आलेल्या बैलांच्या पिरगाळलेल्या शेपट्या आणि टोचल्याच्या जखमाही याच हातांनी धुतल्या आहेत. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये राज्याचा कायदा घटनापीठाने मान्य केला. आता काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे. नियम चांगले आहेत, मी त्यांच्या बाजूचा आहे. तरी बैल जुवाला जुंपलेलाच असतो, नको म्हणायची सोय त्याला नाही. खंड्याला ती आहे. रविवारी त्याने ती वापरली.

मी ती धाव थांबवून थांबवून पाहिली. सीसॉवर कुत्र्याने मधला आस ओलांडून जायचं, पायाखालची फळी झुकू द्यायची, तिचं टोक जमिनीला टेकेपर्यंत थांबायचं आणि मग पिवळ्या पट्ट्यात पंजा ठेवून उतरायचं. माणसाला सोपं वाटतं. कुत्र्याच्या दृष्टीने पायाखालची जमीन अचानक खचते आणि वर आवाज होतो. शनिवारची फळी जोरात आदळली होती, व्हिडिओतसुद्धा धाडकन ऐकू येतं. खंड्या उतरला खरा, पण शेपटी खाली गेली आणि पुढचा बोगदा त्याने मान आत ओढून पार केला. रविवारी तो फळीवर पुढचे दोन पाय ठेवून मागे वळला. पंचांचा हात वर गेला. मास्टर्स पातळीवर असा एक नकारही चालत नाही, म्हणजे धाव तिथेच बाद.

पुढे तू जे केलंस त्यासाठी हे पत्र आहे. तू त्याला पुन्हा फळीकडे ढकललं नाहीस. आवाज चढवला नाहीस. त्याच्या आवडीच्या दोन उड्या घेऊ दिल्यास आणि हसत बाहेर काढलंस. मला त्या शनिवार-रविवारात याहून चांगलं काही दिसलं नाही, शनिवारची जंपर्समधली निर्दोष धाव धरूनसुद्धा.

आता किताबाचं. मॅक, म्हणजे मास्टर अ‍ॅजिलिटी चॅम्पियन, या किताबासाठी ७५० गुण लागतात, आणि एकाच दिवशी स्टँडर्ड आणि जंपर्स दोन्हींत पात्र ठरण्याचे वीस दिवस. स्टँडर्ड सोडलंस की तो हिशेब जागच्या जागी थांबतो. तू ज्यासाठी पहाटे उठून तासन् तास गाडी चालवतेस तेच पुढे ढकल असं मी म्हणतोय, याची मला जाणीव आहे. पण जंपर्समध्ये सीसॉ नाही. उड्या, बोगदे, काठ्या, एवढंच. तिथे तो मन लावून धावतो. काठ्यांच्या रांगेत पहिली काठी डाव्या खांद्याशी ठेवून शिरताना त्याचं अंग कसं लवतं, ते पाहून मामी मोठ्यांदा ‘वा’ म्हणाली. ते सुख त्याच्याकडून काढून घेऊ नकोस.

घरी सीसॉ नव्याने शिकव. फळी अगदी खाली आण, टोकाखाली जाड गादी टाक म्हणजे आवाज मरेल, आणि टोकावरच खाऊ दे. गादी हळूहळू पातळ कर, उंची सगळ्यांत शेवटी वाढव. भीती दोन क्षणांत बसते, जायला वेळ घेते. भेदरलेलं जनावर घाई केली की जास्त बिथरतं, हे मी दवाखान्यात रोज पाहिलं आहे.

फोनवर म्हणालीस, बॉर्डर कॉली असता तर असं झालं नसतं. असं त्याच्यासमोर बोलू नकोस. कॉली शतकानुशतकं मेंढपाळाच्या खुणेवर कळप वळवत आला, माणसाकडे बघत काम करणं त्याच्या रक्तात आहे. दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागणाऱ्या धनगरांची कुत्री आठव. कळप वळवणं त्यांचं काम नाही, लांडग्यापासून राखणं त्यांचं काम. ती वेगळी बसतात, वेगळं ऐकतात, रात्री खुट्ट झालं तरी उठतात. खंड्या आपल्या मळ्यातल्या गंजीखाली जन्मलेला गावठी. अनोळखी आवाजाला सावध होणारा, म्हणून तर तो जगला. तुमच्या स्पर्धा ज्याच्या नियमांनी होतात त्या अमेरिकन केनेल क्लबने २०१०पासून मिश्र जातीच्या कुत्र्यांना अ‍ॅजिलिटीत घेतलं, नाहीतर त्याला हे रिंगण दिसलंच नसतं. तो तिथे पोचला तो कुणी पैदास केली म्हणून नाही, तुझ्यावर विश्वास टाकला म्हणून.

उन्हाचंही बघ. रविवारी दुपारी त्याची जीभ बाहेर आली होती, कडा रुंद पसरलेल्या. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांतून येतो, अंगातली बरीचशी उष्णता धापांवाटे निघते. दोन धावांमध्ये सावलीत ओला टॉवेल आणि पंखा ठेव, पाणी थोडंथोडं पाज.

पुढच्या महिन्याची प्रवेशिका भरताना फक्त जंपर्सवर खूण कर आणि मला मार्गाचा नकाशा पाठव. मामी मागच्या अंगणात खडूने तो आखायचा म्हणते आहे. तू दिवाळीला येशील तोवर गादी मी शिवून ठेवतो, फळी सुताराकडे सांगितली आहे, लांबी तेवढी कळव.

तुझा,
मामा