माहीमचे जेवण आणि अर्धे ताट

वाचकहो, घरातील आजी-आजोबांना बाहेर जेवायला चला म्हटले की बहुधा एकच उत्तर येते. "तुम्ही जाऊन या, मला घरीच वरणभात पुरे." या उत्तरामागे भूक नसणे हे कारण क्वचितच असते. हात थरथरतो, कवळी सैल झाली आहे, ताटात अन्न उरेल, चारचौघांत ठसका लागेल, अशा अनेक संकोचांची ती बेरीज असते. हा संकोच कसा दूर होतो, हे मला पालघरजवळच्या माहीमने शिकवले.

मुंबईच्या माहीमशी गल्लत होऊ नये म्हणून या गावाला शेजारच्या गावाच्या जोडीने केळवे-माहीम म्हणतात. पालघर स्थानकावर उतरून पश्चिमेकडे निघाले की शहर मागे पडते आणि वाड्या सुरू होतात. नारळ, केळी आणि त्यांच्या सावलीत जोपासलेल्या पानवेली हे येथील वैभव. केळवे-माहीमच्या खायच्या पानांचे नाव दूरवर पोहोचले आहे. पुढे सुरूच्या बनाआड समुद्र दिसतो. 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, येथील किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. पण आपल्या ज्येष्ठांना घेऊन आलात, तर किल्ल्याच्या पायऱ्यांचा आग्रह धरू नका. त्यांच्यासाठी खरे ठिकाण म्हणजे एखादी घरगुती खानावळ.

अशा खानावळीत जेवण आधी सांगून ठेवावे लागते. तांदळाची भाकरी, पापलेटचे कालवण, ताजे बोंबील, शाकाहारी मंडळींसाठी वालाचे बिरडे आणि थंडीच्या दिवसांत कंद, रताळी व पापडी घालून शिजवलेली उकडहंडी. चव ओळखीची आणि माणसेही घरचीच वाटणारी.

तरीही पहिल्या खेपेस माझी चूक झालीच. सासरे गेल्यापासून सासूबाई बाहेर जेवल्या नव्हत्या. मोठ्या प्रयासाने त्यांना तेथे नेले. ताटे आली तशी मी सर्वांदेखत म्हणाले, "यांना चावत नाही हो, भाकरी काढून घ्या, भात मऊ करून आणा." वाढणारी बाई तत्परतेने आत गेली. सासूबाईंनी मात्र दोन घास खाल्ले आणि हात धुतले. परतीच्या वाटेवर एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, मी घरीच बरी होते."

पुढे जर्मनीतील पारंपरिक भोजनगृहांविषयी कळले, तेव्हा ती चूक मला नेमकी उमगली. तेथील जुन्या पद्धतीच्या खाणावळींत ताटे दणदणीत असतात. मांसाचा मोठा तुकडा, बटाट्याचे मोठे गोळे, आंबवलेला कोबी. पण अनेक ठिकाणी खाद्यपदार्थांच्या यादीतच 'झेनिओरेनटेलर' म्हणजे ज्येष्ठांचे ताट छापलेले असते. पदार्थ तेच, प्रमाण कमी आणि दामही बेताचे. काही ठिकाणी लहान मुलांसाठी 'रॉयबरटेलर' मिळते. नावाचा अर्थ दरोडेखोराची थाळी. थाळी रिकामीच येते आणि मुलाने आईवडिलांच्या ताटांतून हवे ते लुटायचे! शिवाय नेहमीच्या मंडळींसाठी एक मेज राखून ठेवण्याची प्रथा आहे. त्याला 'श्टामटिश' म्हणतात. म्हणजे कमी खाणे, वाटून खाणे आणि ठरलेल्या जागी बसणे या तिन्ही गोष्टी तेथे रीतीचाच भाग आहेत. त्यांसाठी कोणाला दुखण्याची कैफियत मांडावी लागत नाही.

दुसऱ्या खेपेस मी आदल्या दिवशीच खानावळीत फोन केला. भात मऊ, कालवणात मीठ-तिखट बेताचे, पापलेट काटा काढून आणि सर्वांसाठी एकेक रिकामी वाटी जादा, असे सांगून ठेवले. मेज भिंतीलगतचे मागितले. त्या दिवशी आम्ही सर्वांनीच एकमेकांच्या ताटांतून वाटीत काढून घेतले. सासूबाईंनी नातवाच्या ताटातला बोंबील उचलला आणि त्या हसल्या. जेवण संपले तेव्हा त्यांनी स्वतःहून पान मागितले. ते चावता येणार नव्हतेच, पण त्याचा वास घेत त्या बराच वेळ बसून राहिल्या.

वाचकहो, आपणही निघाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाला उशीर होऊ देऊ नका. वेळ आधी ठरवा आणि साखर जवळ बाळगा. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास सुकी मासळी, लोणचे आणि पापड यांतील मीठ जपून घ्या. पापलेटला मधला काटा असतो, तो सहज निघतो. बोंबील मऊ खरा, तरी काटे पाहूनच वाढा. गिळण्यास त्रास असणाऱ्यांनी ताठ बसून लहान घास घ्यावेत, घास तोंडात असताना बोलू नये आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. वारंवार ठसका लागत असेल, तर बाहेर जाण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य दाखवा. वयानुसार तहान कमी जाणवते. किनाऱ्यावरच्या उकाड्यात पाणी विचारून द्या, मात्र पाण्यावर निर्बंध असल्यास डॉक्टरांचे प्रमाण पाळा. बैठक खुर्चीची आहे का आणि स्वच्छतागृह कोठे आहे, हे फोनवरच विचारून घ्या.

यांतले बहुतेक सारे ताटे येण्याआधीच ठरवून टाकता येते. मेजावर बसल्यावर मग दुखण्याचा विषय निघू नये. एकट्याने जेवणारे वृद्ध हळूहळू कमी खाऊ लागतात, हे आपण घरोघरी पाहतो. सोबतीने त्यांचे दोन घास वाढतात. ते घास पोटात जावेत, असे वाटत असेल तर प्रथम त्यांचा मान राखा.

आता दर महिन्याला सासूबाईच विचारतात, "माहीमला फोन केलास का गं?" भिंतीलगतचे ते मेज आता आमचे झाले आहे.