उघड्या उतारावरची धायटी

घाटरस्त्यासाठी डोंगर कापला, की त्या मुरमाड कापावर ज्या झुडपांचा जम आधी बसतो त्यांत धायटी हमखास असते. सह्याद्रीच्या उतारांवर हिंडताना जे पाहत आलो, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे: वृक्षारोपणाच्या नावाखाली धायटी साफ करून तिथे खड्डे घेणं ही उताराची हानी आहे. यावर नेहमीचा आक्षेप असा, की जंगल गेल्यावर उरतो तोच हा झाडोरा. ते खरंच आहे. कुऱ्हाड, वणवा आणि चराई झालेल्या जागीच ती फोफावते. पण उताराची पडझड तिने केलेली नाही, उलट उरलेली माती तिच्या मुळांनी धरून ठेवली आहे. वणव्यात वरचा भाग जळाला तरी बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात. नव्याने लावलेलं कोवळं रोप मात्र त्याच आगीत संपतं. शिवाय बुलबुलासारखी फळं खाणारी पाखरं फांद्यांवर टेकतात आणि त्यांच्या विष्ठेतून करवंदाच्या बिया झुडपाखालच्या सावलीत पडतात.

दुसरा आक्षेप मधाचा. पळस, पांगारा, सावर फुलत असताना धायटीचं एवढं काय? पण ही मोठी झाडं उघड्या उतारावर असतात कुठे? धायटी हिवाळ्यात फुलू लागते ती उन्हाळ्यापर्यंत. फूल जवळून पाहावं: लाल दिसते ती पाकळी नव्हे, तर किंचित वाकडी, बोटाच्या पेराहून लहान अशी निदलाची नळी. खऱ्या पाकळ्या तिच्या तोंडाशी, इवल्याशा. पुंकेसर बाहेर डोकावतात, त्यामुळे मधासाठी चोच खुपसणाऱ्या शिंजिराच्या कपाळाला पराग लागतो. मधमाश्याही येतातच.

गुराखी म्हणतात, धायटी माजली की गवत कमी होतं. त्यांचं म्हणणं मला पटतं. मूळच्या गवताळ माळावर तिला पसरू द्यावं असं मी म्हणणार नाही. माझा आग्रह उघड्या पडलेल्या उतारांपुरता आहे. तिथे झाडं लावायचीच तर ती झुडपांच्या आडोशाला, मधल्या जागेत लावावीत. आणि आसवारिष्टांसाठी फुलं खुडणाऱ्यांनीही थोडा हात राखावा. फळ त्या लाल नळीच्या आतच धरतं, म्हणजे फूल ओरबाडलं की बीही गेलं. प्रत्येक झुडपावर काही फांद्या न खुडता सोडल्या, तर पुढच्या कापावर रुजायला बी उरेल.