बत्तीस केबीची कोठी

विहिरीवर स्टार्टरच्या शेजारी अलीकडे एक लहानशी डबी दिसू लागली आहे. मोबाइलवरून निरोप धाडला की मोटर चालू, दुसरा धाडला की बंद. जिथे अजून रात्रीच्या पाळीने थ्री फेज येते, तिथे या डबीचे मोल मी काय सांगावे? अंधारात ओल्या बांधावरून बॅटरी घेऊन जाणाऱ्याला ते ठाऊक आहे.

आज त्या डबीच्या पोटात काय असते ते सांगतो. मी शेतकीचा पदवीधर, खते-बियाणे हा माझा विषय. पण आमच्या भागातला आयटीआय झालेला एक मुलगा अशा डब्या बनवतो आणि अडला की माझ्याकडे येतो. गेल्या हंगामात म्हणाला, "साहेब, प्रोग्राम मावत नाही. मराठी निरोप काढून इंग्रजीत ठेवतो." डबी ज्यांच्या विहिरीवर बसायची होती, त्या बाई एकट्याने शेती सांभाळतात आणि त्यांना मराठीच वाचता येते. पाणी खाली गेल्यामुळे डबीने मोटर बंद केली आणि कारण इंग्रजीत कळवले, तर त्या काय करणार? पुन्हा चालू करणार. दोन-चार वेळा असे झाले की पंपाचे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. म्हणून म्हटले, "बस, आधी कोठी पाहू."

या डबीत एटमेगा ३२८पी नावाची चिप होती. तिची प्रोग्राम साठवण्याची जागा ३२ केबी, म्हणजे ३२,७६८ बाइट. अर्डुइनो उनो पाटीवर त्यातले ५१२ बाइट सुरुवातीच्या कामाला जातात, हाती उरतात ३२,२५६. ही झाली धान्याची कोठी. वीज गेली तरी तिच्यातले जात नाही. चालू कामासाठी वेगळी जागा असते, ती फक्त २,०४८ बाइट. ते सूप समजा. प्रोग्राममध्ये निरोप साधेपणाने लिहिले तर मोटर चालू-बंद करण्याआधीच ते सगळे कोठीतून सुपात ओतले जातात आणि सूप सांडते. ते कोठीतच ठेवून लागेल तेवढेच काढण्याची सोय आहे. मुलाला ती ठाऊक होती, त्यामुळे सूप रिकामे होते. अडचण कोठीची होती.

पहिल्यांदा निघाले चित्र. डबीच्या छोट्या पडद्यावर सुरुवातीला बैलजोडी दिसायची. पोराची हौस! पण १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या त्या चित्राला पुरे १,०२४ बाइट लागत होते. बैल सोडले.

मग दशांश अपूर्णांक. या चिपला त्यांचे गणित जन्मतः येत नाही, त्यासाठी प्रोग्रामबरोबर जादा सामान वाहावे लागते. साडेसात अँपिअर ही संख्या ७५ दशांश म्हणून पूर्णांकात ठेवली की ते सामान लागत नाही. आपण रुपयांचा हिशेब पैशांत करतो तसेच. मात्र प्रोग्रामात एका जागी जरी अपूर्णांक राहिला तरी ते सामान पुन्हा येऊन बसते, म्हणून ओळ न् ओळ तपासावी लागली.

खरी गंमत मराठीच्या निरोपांत होती. सिमकार्डाचे मॉडेम मराठी अक्षर आकड्यांनी घेते. 'र' म्हणजे ०९३०, 'व' म्हणजे ०९३५. एका अक्षराला चार खुणा, म्हणजे चार बाइट. काना-मात्राही वेगळे मोजतात, म्हणून 'मोटर' या एवढ्याशा शब्दाला सोळा बाइट लागतात. वीस निरोप, प्रत्येकी पन्नास अक्षरांचे, धरले तर चार हजार बाइट झाले. पण नीट पाहिले तर पहिले दोन आकडे, ०९, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तेच! मग ते दरवेळी कोठीत कशाला भरायचे? आम्ही अक्षरामागे एकच बाइट ठेवला आणि ०९ हे निरोप पाठवताना जोडले. मोकळ्या जागेला नि इंग्रजी आकड्यांना ०९ चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळी खूण केली. चार हजारांचे काम हजारावर आले. मराठी एसएमएस सत्तर अक्षरांचा असतो, त्यामुळे निरोपही आटोपशीर केले: "पाणी खाली गेले. मोटर बंद केली. अर्धा तास चालू करू नका."

काही गोष्टींना मात्र मी हात लावू दिला नाही. तीन्ही फेज आहेत का ही तपासणी, कोरड्या विहिरीची तपासणी, आणि निरोप घरच्याच नंबरावरून आला आहे का ही खात्री. जागा कमी पडते म्हणून राखणदाराला कोणी घालवत नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आणि अर्थिंगही जागच्या जागी हवेच. डबी त्यांच्या बदली नाही.

तुम्ही विचाराल, मोठ्या कोठीची चिप का घेत नाही? नवी डबी करायची तर जरूर घ्या, ईएसपी ३२ सारख्या चिपांत याहून कितीतरी जास्त जागा मिळते. पण बसवलेल्या डब्या कोण फेकून देतो?

डबी बनवून घ्याल तेव्हा एक करा. बनवणाऱ्याकडून मूळ प्रोग्राम पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि तो घरी कागदपत्रांच्या पेटीत ठेवा. चिपमध्ये भरलेला प्रोग्राम बाहेर काढला तरी तो माणसाला वाचता येईल असा राहत नाही. उद्या तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तर दुसऱ्या कोणाला पुढचा निरोप त्यात घालता आला पाहिजे.