रिलीज्ड आहे का?

सॅपवाल्या ऑफिसात सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न "डेडलाइन कधी?" हा नाही. "रिलीज्ड आहे का?" हा आहे. चहाच्या टपरीवरसुद्धा हेच. ज्यांचा सॅपशी संबंध नाही त्यांनी लगेच पळू नका, दोन मिनिटं थांबा. जे तुमच्या डोळ्यांना दिसतंय ते तुमचं आहे का, असा तो प्रश्न आहे, आणि तो सगळ्यांनाच पडतो :-)

तर आधी थोडी पार्श्वभूमी. सॅप ही १९७२ साली जर्मनीत सुरू झालेली कंपनी. खरेदी, विक्री, साठा, हिशेब, सगळं एका सिस्टिममध्ये. तिची खासियत अशी की अबॅप भाषेतला तिचा स्वतःचा कोड ग्राहकाला उघडून वाचता येतो. स्वतःचे प्रोग्रॅम लिहायचे तर नावाची सुरुवात झेड किंवा वायने करायची, एवढी एक शिस्त. बाकी रान मोकळं. मालाची माहिती हवी? 'मारा' टेबल वाचा (हो, नाव खरंच 'मारा' आहे, आणि आम्ही ते वर्षानुवर्षं मारत आलोय). ग्राहक हवा? 'केएनए-वन' वाचा. एखादं फंक्शन मॉड्यूल कामाचं वाटलं? बिनधास्त कॉल करा.

गंमत म्हणजे तेव्हाही पाटी होती. 'एसई-३७'मध्ये फंक्शनच्या माहितीत 'नॉट रिलीज्ड' असं स्पष्ट दिसायचं. पण "गेटसमोर गाडी लावू नये" या पाटीखाली आपण जसं निवांत गाडी लावतो, तसंच ते. कंपायलर काही बोलत नसे, मग आपण कशाला बोला?

आता पाटीच्या जागी भिंत आली आहे. 'अबॅप फॉर क्लाउड डेव्हलपमेंट' असा भाषेचाच एक वेगळा प्रकार आहे, आणि एस/फोर हानाच्या २०२२ च्या आवृत्तीपासून तो ग्राहकाच्या स्वतःच्या सिस्टिमवरही वापरता येतो. त्यात 'मारा'वर सिलेक्ट लिहिलं की सरळ सिंटॅक्स एरर. 'मारा' नको, 'आय_प्रॉडक्ट' हा व्ह्यू वापर, असं वर शिकवणं. 'केएनए-वन'ऐवजी 'आय_कस्टमर', कंपनी कोडच्या 'टी-शून्यशून्यएक'ऐवजी 'आय_कंपनीकोड'.

तपासायचं कसं, तर फार अवघड नाही. एक्लिप्समध्ये ऑब्जेक्ट उघडा, प्रॉपर्टीजमध्ये 'एपीआय स्टेट' बघा. तिथे 'सी-वन' नावाचा करार 'रिलीज्ड' दिसला पाहिजे, आणि क्लाउड डेव्हलपमेंटमध्ये वापरायची परवानगी आहे का तेही बघायचं, कारण की-युजर ॲप्ससाठीची परवानगी वेगळी असते. जुना कोड ढिगाने तपासायचा असेल तर एटीसी चालवा. सॅपने अशा ऑब्जेक्ट्सची यादी गिटहबवरही ठेवली आहे, त्यात बऱ्याच ठिकाणी पर्यायाचं नावही मिळतं. फक्त यादी आपल्याच आवृत्तीची बघा. पब्लिक क्लाउडमध्ये रिलीज झालेली गोष्ट आपल्या २०२२ च्या सिस्टिममध्ये असेलच असं नाही.

हे सगळं आमच्या एका सीनियरना समजावताना ते भडकले. वीस वर्षं अबॅपमध्ये. 'बुकर्स' म्हणजे बुखुंग्सक्राइस, 'व्हीबॅक' म्हणजे विक्रीच्या कागदाचं डोकं, असं जर्मन लघुरूपांचं पाढ्यासारखं पाठांतर. म्हणाले, "अरे, नुसतं वाचतोय ना मी? बदलतोय का काही? गेली वीस वर्षं चालतंय की!"

मुद्दा बिनतोड वाटतो. पण "चालतंय" आणि "चालत राहील असं कुणीतरी सांगितलंय" यात फरक आहे, आणि रिलीज्ड या शब्दाचा सगळा अर्थ त्या फरकात आहे. रिलीज्ड म्हणजे 'चांगलं' नव्हे, 'वेगवान' नव्हे. अपग्रेडनंतरही याचा बाहेरचा आकार मोडणार नाही, अशी हमी. 'मारा'बद्दल ती हमी कुणीच दिली नव्हती. आपण गृहीत धरली होती.

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. एस/फोर हानामध्ये मालाचा क्रमांक, म्हणजे 'मॅटनर' (मटणाशी संबंध नाही), १८ अक्षरांवरून ४० वर गेला. ज्यांनी प्रोग्रॅममध्ये हाताने १८ लिहून ठेवलं होतं, त्यांना एकेक ओळ शोधत बसावं लागलं. साठ्याच्या हालचालींची 'एमकेपीएफ' आणि 'एमसेग' ही दोन टेबलं जाऊन त्यांची जागा 'मॅटडॉक'ने घेतली. जुनं वाचन चालावं म्हणून सॅपने मध्ये व्ह्यू बसवले, पण ती मेहेरबानी, करार नव्हे.

सोसायटीतलं उदाहरण घ्या. फ्लॅटमधल्या टाइल्स तुमच्या, पण डक्टमधून जाणारा पाइप तुमचा नाही. त्याला टॅप मारून वॉशिंग मशीन जोडलं तर पाणी मस्त येतं. ज्या दिवशी सोसायटी पाइप बदलते, त्या दिवशी कळतं.

आता दुसरी बाजू. सगळ्यांना घाई आहे, कारण जुन्या ईसीसी ६.० ची नेहमीची देखभाल २०२७ च्या अखेरीस संपते, आणि जादा पैसे मोजून २०३० पर्यंत. एटीसीची यादी उघडली की लाल ओळी हजारोंनी. मग पळवाट निघते: रिलीज्ड नसलेल्या फंक्शनभोवती स्वतःचा झेड क्लास गुंडाळायचा, त्यालाच रिलीज्ड म्हणायचं, आणि यादी हिरवी! मॅनेजर खूश.

रॅपरला माझा विरोध नाही. धोका शंभर ठिकाणी विखुरण्यापेक्षा एका जागी बरा. पण तो नाहीसा होत नाही, फक्त पत्ता बदलतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅपने ए ते डी अशा चार पातळ्या मांडल्या, ते मला म्हणूनच पटलं. ए म्हणजे फक्त रिलीज्ड. बी म्हणजे बापीसारखे जुने, मान्य मार्ग. सी म्हणजे सॅपच्या आतले ऑब्जेक्ट. आणि डी म्हणजे सॅपच्या टेबलात परस्पर लिहिण्यासारखे उद्योग. आता निदान "आपण सी वर आहोत" असं ग्राहकाला तोंडावर सांगता येतं. हे सांगणं महत्त्वाचं, कारण अपग्रेडच्या शनिवारी रात्री जो जागतो तो बहुतेक वेळा मूळ लिहिणारा नसतो. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून आलेली एखादी पोरगी असते, आणि तिला त्या हिरव्या रंगामागे काय आहे हे ठाऊक नसतं.

म्हणून मी तीन प्रश्नांची सवय लावून घेतली आहे. रिलीज्ड आहे का? नसेल तर पर्याय आहे का? तोही नसेल तर ही गरज खरंच आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बऱ्याचदा कळतं की तो रिपोर्ट कित्येक महिन्यांत कुणी उघडलेलाच नाही.

आणि सीनियर? परवा एका व्ह्यूमध्ये हवं ते फील्डच सापडेना. आम्ही तिघं तासभर डोकं फोडत बसलो होतो. ते खुर्ची ओढून बसले, व्ह्यूची व्याख्या उघडली, आतल्या जुन्या टेबलापर्यंत उतरले आणि म्हणाले, "हे इथे नाही मिळायचं, याचा बाप वेगळा आहे." पाच मिनिटांत बरोबर व्ह्यू शोधून दिला, 'एपीआय स्टेट' बघितलं आणि मग आम्हाला सांगितलं, "रिलीज्ड आहे. लिहा."

असो. उद्या सोमवार. लाल ओळी वाट बघतायत...