फिजिकल डॅमेज

लेन्सची वॉरंटी संपायला दोन महिने होते, म्हणून मी निर्धास्त होतो. हातात आला एक कागद, त्यावर दोनच शब्द : फिजिकल डॅमेज. वर्ष उलटलं, पण ते अजून घशात अडकलेले आहेत.

आमचं वलगाव म्हणजे पेढी नदीच्या पुलाचं गाव. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला. इथली लग्नं, बारशी, शाळेची गॅदरिंगं यांचे फोटो मी काढतो. लेन्स साधीच, 18-55 ची.

त्या दिवशी शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. बटण अर्धं दाबलं. लेन्स घर्रर्र करून जराशी पुढे गेली, मागे आली आणि थांबली. नवरी धुक्यात. कॅमेरा बंद-चालू केला, बॅटरी काढून घातली, लेन्स उतरवून मागच्या सोनेरी टिकल्या रुमालाने पुसल्या. काही नाही. तिकडे ‘सावधान’ झालं. मग रिंग हातानेच फिरवत सुटलो. माझ्या उस्तादांच्या जुन्या कॅमेऱ्यात मधोमध एक गोल असायचा, त्यातले चित्राचे दोन तुकडे जुळले की फोकस झाला. 1985 मध्ये मिनोल्टा 7000 आला, मग इतरही आले, आणि फोकस यंत्राच्या हाती गेला. माझ्या कॅमेऱ्यात तो गोल नाही. सगळं अंदाजपंचे. रात्री संगणकावर बघतो तर हवेतल्या अक्षतांचा दाणा न् दाणा स्पष्ट, मागे नवरीचा चेहरा पुसट.

तिची आई एवढंच म्हणाली, “काहून जी भाऊ, पोरीचं तोंड असं धुकट काहून दिसते?” मी धुराचं कारण सांगितलं. होम तर नंतर पेटला होता.

लेन्स सर्व्हिस सेंटरला गेली. सतराव्या दिवशी फोन आला, वॉरंटीत बसत नाही. मी एसटीने नागपूर गाठलं.

“सर, लेन्स पडलीय.”

“पडली नाही जी.”

“मग हे काय?” त्याने पुढच्या कडेवर बोट ठेवलं. तिळाएवढा ओरखडा. तो फिल्टर बसवताना आला होता, ते मी सांगितलं. काच तडकली नाही, कड दबली नाही, माउंट वाकडा नाही, मग पडली कुठून? आत काय तुटलं ते दाखवा म्हटलं, तर “आत जाता येत नाही सर.” कागदावर लिहून द्या म्हटलं, तर तेच दोन शब्द. दुरुस्ती 4,800 रुपये, तेवढ्यात अशीच जुनी लेन्स मिळते. वरून तपासणीचे पाचशे, त्यावर जीएसटी, म्हणजे 590. न सुधारलेली लेन्स घरी न्यायला मी पैसे मोजले! परत मिळाली तेव्हा मागचं झाकणही नव्हतं. मी मागितलं नाही, ही चूक माझी.

म्हणून सांगतो, लेन्स देताना काउंटरवरच तिचे चारही बाजूंनी फोटो काढा, नंबरासकट. झाकणंही पावतीवर लिहून घ्या. आणि त्याआधी ती दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून बघा, दोष लेन्सचा की कॅमेऱ्याचा ते घरीच कळतं.

उस्तादांना सगळं सांगितलं. मला वाटलं, तेही चिडतील. त्यांनी लेन्स कानाशी धरून हलवली आणि विचारलं, “रिंग फिरवताना बाजूचा खटका मॅन्युअलवर केला होता का?”

अशा स्वस्त लेन्समध्ये खटका ऑटोवर ठेवून रिंग जबरीने फिरवली, तर आतल्या बारीक दातऱ्यांवर ताण येतो. हे मला ठाऊक होतं. त्या गडबडीत खटका सरकवला की नाही, ते मात्र आठवत नाही. पण घर्रर्र आधी झालं होतं, रिंग नंतर फिरवली! की त्याआधीही कधी फिरवली होती? म्हणजे कागद खरा? नाही, कागदावर ‘पडली’ या अर्थाने लिहिलं होतं, आणि ती पडली नव्हती.

आता ती लेन्स घेऊन मी सकाळी पेढीवर जातो. बगळा तासभर हलत नाही, हाताने फोकस निवांत होतो. दोन-चार फोटो तर ऑटोत आले नसते असे आले. तरी लग्नाला ती नेत नाही. त्यासाठी नवी घेतली. त्याच कंपनीची.