चौदाव्या मजल्यावरची घार

वडाळ्याच्या बैठ्या चाळीत राहत होतो तेव्हा घार म्हणजे आभाळातला एक काळा ठिपका. झोपु योजनेत चौदाव्या मजल्यावर घर मिळाले आणि तीच घार खिडकीसमोरून जाऊ लागली. तिची पाठ तपकिरी असते, शेपटीला मधे खाच असते, वळताना ती शेपटी सुकाणूसारखी फिरवते, हे चाळीस वर्षे मुंबईत काढून मला प्रथमच कळले.

कचेरीतल्या मित्राकडून जुना डिजिटल कॅमेरा हप्त्याने घेतला. पहिले कित्येक फोटो नुसत्या आभाळाचे निघाले. हळूहळू युक्ती कळली. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडे नको. घारीच्या चालीने कॅमेरा फिरवत राहावे, बटण दाबले तरी हात थांबवू नये. बंद काचेतून फोटो धूसर येतो. खिडकी उघडावी, पण बाहेर वाकू नये. वेळ दहाच्या सुमाराची. पत्रे, डांबर तापले की गरम हवा वर चढते, तिच्यावर पंख पसरून घार न फडफडता गोल गोल वर येते.

गेल्या संक्रांतीनंतरच्या रविवारी एक फोटो झकास आला. धाकटा तो मोठा करून पाहत होता.

"पप्पा, हिच्या पायाला काय आहे?"

पायातून बारीक रेघ लोंबत होती. नायलॉनचा मांजा! राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. तो कुजत नाही, झाडांवर, तारांवर तसाच अडकून राहतो. मुलगा गप्प झाला. आमच्याच गच्चीवरून त्याने असल्याच मांजाने पतंग उडवला होता. पैसे मी दिले होते.

उडत्या घारीला कोण धरणार? आम्ही बापलेक कात्री घेऊन गच्चीवर गेलो. टाकीच्या पाइपांना, केबलला गुंतलेला दोरा कापून पिशवीत भरला. इमारतीतली इतर मुलेही मदतीला आली.

वाचकहो, जखमी पाखरू सापडले तर हवेशीर खोक्यात झाकून ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, परळच्या बाई साकरबाई रुग्णालयात न्या. उंचावर अडकले असेल तर अग्निशमन दलाला कळवा.

ती घार पुन्हा आली की नाही, सांगता येत नाही. मला सगळ्या सारख्याच दिसतात. मात्र आता फोटो काढला की आम्ही आधी तिचे पाय पाहतो.